कथील वितळेपर्यंत

खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला गाव विचारलं नाही, आडनाव विचारलं नाही, पगार तर नाहीच नाही. त्यांनी विचारलं, "बाई, तुमचा स्टोव्ह किती तापतो?"

मी नगरहून आलेली, मुलींच्या शाळेत नुकती नेमणूक झालेली. परभणी मुंबई राज्यात येऊन फार काळ लोटला नव्हता आणि आमच्यासारख्या 'तिकडून' आलेल्या माणसांकडे गाव जरा तिरकंच बघायचं. तेव्हा या प्रश्नात काहीतरी खोच असणार, असं मी धरून चालले. म्हटलं, "चहा होण्याइतका तापतो." हे उत्तर ऐकून ते इतके नाराज झाले, की खोली हातची गेली असंच मला वाटलं. तेवढ्यात आतून आवाज आला, "अवो, द्या की त्यान्ला खोली. तो स्टोव्ह काय तुमच्या घरी नांदायला येणार हाय का?"

या मामी. खोली मिळाली ती त्यांच्यामुळे.

घरमालकांना सगळी गल्ली विमानमामा म्हणायची. तोंडावर नुसतं मामा, पाठीमागं विमान. निजामाच्या अमदानीत ते हैदराबादेत विमानांच्या वर्कशॉपात मिस्त्री होते. पोलीस ॲक्शननंतर सगळी उलथापालथ झाली, साहेबलोक आपापल्या देशी निघून गेले आणि मामा आपल्या गावी परत आले. येताना त्यांनी तीन गोष्टी आणल्या. एक मामी, एक लोखंडी ट्रंक आणि लोकरीच्या गुलूबंदात गुंडाळलेलं एक इंजिन. हे इंजिन मुठीत मावायचं. खेळण्यातल्या विमानाला लावायचं, पण स्वतः मात्र अगदी खरं. त्याला सिलिंडर होता, आत दट्ट्या होता, पुढं लाकडी पंखा होता आणि बाजूला धूर जायला भोक होतं. विलायतेला जाणाऱ्या एका गोऱ्या साहेबानं जाता जाता ते मामांच्या हातावर ठेवलं होतं. साहेब काय म्हणाला, असं मी एकदा विचारलं. मामा म्हणाले, "त्यानं सांगितलं, मिस्तरी, याला जास्त तापू देऊ नको. बस."

साहेब आणखीही काही बोलला असेल. मामांनी एवढंच ध्यानात ठेवलं.

पोटापाण्यासाठी ते मळ्यांवरची ऑइल इंजिनं दुरुस्त करत. सुट्टी मात्र शुक्रवारची. हिंदुस्थान सरकारनं रविवार लागू करून किती वर्षं झाली होती, पण मामांच्या घरात अजून निजामाचाच शुक्रवार चालत होता. त्या दिवशी ते अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून अंगणात बसत. जात्याच्या पाळूवर एक पाट आणि पाटावर ते इंजिन आवळून बसवलेलं. जवळ पितळी पानदान.

पानदानाबद्दल सांगायलाच हवं. चांगलं नक्षीचं, हैदराबादी. पण त्याच्या कप्प्यांत कात, चुना, सुपारी नव्हती. एकात मेण, दुसऱ्यात गंधक, तिसऱ्यात कथील आणि चौथ्यात शिसं. इंजिन सुरू केलं की मामा त्याच्या डोक्यावर मेणाचा कण ठेवत. मेण पातळ झालं की गंधकाचा. हे दोन्ही वितळले, की त्यापुढं कथील, आणि सगळ्यात शेवटी शिसं. कुठला पदार्थ कधी वितळतो यावरून इंजिन किती तापलं ते कळायचं. तापमापक त्यांना मान्य नव्हता. "काच हाय. काचेला काय कळतंय लोखंडाचं?"

एकदा मुलांच्या शाळेचे हेडमास्तर काही कामानिमित्त आले. यजमान आतून पाणी आणायला गेलेले, समोर पानदान. हेडमास्तरांनी जुन्या रिवाजाला धरून एक कप्पा उघडला आणि काताची गोळी समजून मेण तोंडात टाकलं. मामा परत आले तोवर ते चघळतच होते. शिष्टाचाराचे मोठे पक्के गृहस्थ. बोलणं संपेपर्यंत चघळले आणि जाताना म्हणाले, "कात जरा जुना झालेला दिसतो." मामा मला नंतर फार समाधानानं म्हणाले, "बघा बाई, माणसाच्या तोंडात मेण वितळत न्हाई. नुसतं मऊ पडतं."

हाच कप्प्यांचा हिशेब ते माणसांनाही लावत. हेडमास्तर मेण, जरा ऊन लागलं की पातळ. तहसीलमधला कारकून कथील, वेळ लागतो पण वितळतो. मामी शिसं. मी कोण, असं विचारल्यावर त्यांनी जरा विचार करून सांगितलं, "तुमी गंधक. वितळायच्या आधी वास येतो." मला राग आला. तेव्हा ते मामींना म्हणाले, "बघ, आला का न्हाई?"

विमानही होतं. पांगऱ्याच्या हलक्या लाकडाचं, वर पिवळा पतंगी कागद, ओसरीत आढ्याला टांगलेलं. पुढचं नाक रिकामं, इंजिनासाठी राखून ठेवलेलं. मामांनी ते स्वतः कोरलं होतं आणि खरोखर देखणं होतं. हे विमान मोकळं सोडायचं नसतं. उडवणारा मधोमध उभा राहतो, हातात मूठ, मुठीपासून विमानापर्यंत दोन बारीक तारा, आणि विमान त्याच्याभोवती गरगर फिरतं. मनगट वर केलं की वर जातं, खाली केलं की खाली येतं. तारा सतारीच्या होत्या. सगळं तयार होतं. फक्त ते कधी उडालेलं नव्हतं.

गल्लीतली माणसं येता-जाता विचारायची, "मामा, कवा उडणार?" मामा म्हणायचे, "अजून मिजाज गरम हाय."

दर शुक्रवारी तेच. दवाखान्यातल्या कंपौंडरकडून मिनतवारीनं आणलेलं ईथर, त्यात घासलेट, त्यात तेल्याकडचं एरंडेल. हे मिश्रण टाकीत भरायचं, बोटानं पंख्याला झटका द्यायचा. इंजिन कर्कश ओरडत सुटायचं आणि घरभर एरंडेलाचा असा वास पसरायचा, की माझ्या लहानपणच्या सगळ्या सक्तीच्या आठवणी पोटात जाग्या व्हायच्या. मग मेण, मग गंधक. गंधकाचा कण पिवळा ओघळला की मामा झटकन रबरी नळी चिमटीत धरून तेल बंद करायचे. "बस. गरम झालं." मग ते इंजिन पुसायचं, गुलूबंदात गुंडाळायचं, ट्रंकेत ठेवायचं. कथलाच्या कप्प्यापर्यंत पाळी फारशी कधी आली नाही. शिशाच्या कप्प्याचं झाकण तर न उघडून घट्ट बसलं होतं.

त्यांची भीती खोटी नव्हती. या इंजिनाचा दट्ट्या सिलिंडरात इतका चपखल बसवलेला असतो, की जास्त तापलं, आतलं एरंडेल जळलं, की लोखंड लोखंडाला धरून बसतं आणि मग कुठल्याही उपायानं सुटत नाही. दुसरं इंजिन मिळणार कुठून? परभणीत नाही, हैदराबादेत नाही. "हे गेलं की गेलं," मामा म्हणायचे. हे सांगताना त्यांचा चेहरा असा व्हायचा, की चेष्टा करायला आलेला माणूसही गप्प बसायचा.

मामी मात्र गप्प बसत नसत. भाकरी थापता थापता तव्यावर पाण्याचा शिपका मारून त्या म्हणायच्या, "मीबी तेच करते की. पाणी मारून बघते. पण मी मग भाकर टाकते. तुमी इतकी वर्सं नुस्ता तवाच तापवायलाव."

मामांच्या बोटांना गरम-गार काही कळत नसे, इतकी ती वर्कशॉपात भाजून निघाली होती. चुलीतला निखारा ते चिमटीत उचलून विडी पेटवत, आणि उकळत्या चहाच्या कपाला बोट लावून मामींना म्हणत, "गार हाय." मामी तो पुन्हा चुलीवर ठेवल्यासारखं करून तसाच परत देत. मग तो बरोबर असे. हे रोज दोनदा चालायचं आणि दोघांपैकी कोणालाही त्याचा कंटाळा आलेला मी पाहिला नाही.

मग मामींच्या डोळ्यांचं निघालं.

आधी ज्वारी निवडताना खडे राहायला लागले. मग दाराच्या चौकटीला खांदा लागायचा. समोरचं दिसायचं, पण बाजूनं कोणी आलं की दचकायच्या. मी त्यांना टांग्यात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर भला माणूस होता, त्यानं लपवलं नाही. काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही, उरलेलीही कडेकडेनं मिटत जाणार. आता नळीतून बघितल्यासारखं दिसतंय, पुढं तेवढंही नाही.

परतीच्या वाटेवर मामी समोर घोड्याच्या पाठीकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "बाई, तुमी त्यान्ला सांगा. माझं हसण्यावारी नेतेत. म्हणावं, मला दिसायलंय तंवर ते एकदा उडवा. लय वर्सं वास घेतलाय मी त्याचा."

मी सांगितलं. माझ्या परीनं सांभाळून, पण काहीही न गाळता. मामांनी पानदान जवळ ओढलं, उघडलं, पुन्हा बंद केलं. "ती असं म्हनली?" एवढंच विचारलं. म्हटलं, "असंच." ते उठले, विमान आढ्यावरून उतरवलं आणि त्याच्यावरची धूळ धोतराच्या सोग्यानं पुसायला लागले. इतक्या दिवसांत मला पहिल्यांदाच त्यांची थट्टा करावीशी वाटली नाही.

उडवायला मोकळी जागा एकच, मुलांच्या शाळेचं पटांगण. आणि त्याला लागूनच बाजाराचा रस्ता. मामा गावी परतले त्या पहिल्याच वर्षी त्यांनी हे इंजिन ऐन बाजारच्या दिवशी रस्त्याकडेला चालू केलं होतं. त्या आवाजानं एक बैलजोडी सरकीच्या गाडीसकट पिंगळीच्या वाटेला लागली, ती संध्याकाळी सापडली. गाव हे विसरलं नव्हतं. हेडमास्तर म्हणाले, "खुशाल उडवा. पण आवाज नको."

आवाज नको म्हणजे धुराच्या भोकावर काहीतरी झाकण हवं. मामांनी तपकिरीची पत्र्याची डबी घेतली, तिला बारीक भोकं पाडली आणि कल्हईवाल्याकडून ती एका नळीवर कथलानं जोडून आणली. डबी लावली आणि इंजिनाचा आवाज खरंच बसला. पूर्वी कानठळ्या बसायच्या, आता नुसती पुटपुट. गल्ली खूश झाली. पण गंधक आता फारच लवकर ओघळायला लागलं.

"तोंड दाबल्यावर कुनीबी तापणारच," मामा काळजीनं म्हणाले.

"मग मी इतकी वर्सं गार कशी?" मामींनी आतून विचारलं.

मामांनी एरंडेल वाढवलं. तेल सोडायची बारीक सुई डबीच्या हिशेबानं पुन्हा पुन्हा फिरवून एका जागी पक्की केली. डबीच्या सांध्यावर बोट ठेवून मला म्हणाले, "इथं कथील हाय. इथपर्यंत ताप येत न्हाई. मी बघितलंय." त्यांनी बघितलं होतं खरं, पण गंधक वितळेपर्यंतच. त्यापुढं इंजिन त्यांनी कधी चालूच दिलं नव्हतं. इतकी वर्षं ताप मोजणाऱ्या या माणसानं एकदाही टाकी संपेपर्यंतचा ताप मोजला नव्हता. हे त्या वेळी त्यांच्या ध्यानात आलं नाही आणि माझ्याही नाही.

ठरलेल्या शुक्रवारी सकाळी, शाळा भरायच्या आधी, पटांगणावर बरीच माणसं जमली. काही उडताना बघायला, बहुतेक न उडताना बघायला. लिंबाखाली शाळेतली एक खुर्ची मांडून मामींना बसवलं. त्यांनी ठेवणीतलं इरकल लुगडं नेसलं होतं. मामांनी मधोमध मूठ ठेवली आणि ते विमानापाशी आले. विमान धरायचं काम माझ्याकडे, कारण गल्लीतल्या कुणाच्याही हातात द्यायला मामा तयार नव्हते. त्यांनी पंख्याला झटका दिला, सुई पुन्हा एकदा तपासली, मुठीशी गेले आणि मान हलवली. मी सोडलं.

ते उडालं.

मला अजूनही याचं नवल वाटतं. गवतावरून थोडं धावलं, उचललं गेलं आणि मामांभोवती मोठं वर्तुळ घेत निघालं. पुटपुट, पुटपुट. माणसं टाळ्या वाजवायला लागली. मी धावत मामींकडे गेले. त्या सरळ समोर बघत होत्या.

"उडलं का?" त्यांनी विचारलं.

"उडलं की मामी! आत्ता तुमच्या समोरून गेलं!"

"कुठं?"

मी हात केला, पण हात करेपर्यंत ते तिथून गेलेलं असायचं. त्यांच्या नजरेची नळी एवढीशी उरलेली आणि ते फिरतं आहे सगळ्या मैदानभर. कुठं बघायचं हेच त्यांना कळत नव्हतं. आवाज असता तर कानानं तरी माग लागला असता, पण आवाज आम्हीच डबीत कोंडला होता आणि टाळ्यांत तो ऐकूही येत नव्हता. मामी चेहरा हसरा ठेवून बसून राहिल्या. मधोमध गरगर फिरणाऱ्या मामांना प्रत्येक फेऱ्यात त्यांची ती न हलणारी मान दिसत असणार. 

आणि मग काहीतरी खळकन गवतात पडलं. सांध्याचं कथील वितळलं होतं. डबी सुटली होती. दुसऱ्याच क्षणी इंजिन पूर्वीसारखं गळा काढून ओरडायला लागलं. बाजाराच्या रस्त्यावर कुणाचा तरी बैल हंबरला. हेडमास्तर दोन्ही हात हलवत निघाले.

मामींची मान वळली.

आवाजामागं चेहरा, चेहऱ्यामागं नजर. त्या खुर्चीवरून उठल्या, मी कोपराला धरलं. आवाजाबरोबर त्या जागच्या जागी वळत गेल्या, आणि मग माझा हात इतका घट्ट दाबला की बांगडी रुतली. "पिवळं हाय!" त्या ओरडल्या. "बाई, पिवळं हाय! दिसलं मला!" पुढचा फेरा, पुन्हा दिसलं. त्या एखाद्या परकरी पोरीसारख्या हसत होत्या. निघालेले हेडमास्तर वाटेतच थांबले आणि त्यांनी हात खाली घेतले.

पण इंजिनाचा आवाज बदलायला लागला होता. सुई डबीच्या हिशेबानं बसवलेली. डबी गेल्यावर इंजिन मोकळं सुटलं, जास्त पळायला लागलं आणि तेल त्याला पुरेना. सूर बारीक होत चढत चालला. इतके शुक्रवार ऐकून मलादेखील कळलं, की आता आतलं एरंडेल जळतंय. मामांना तर कधीच कळलं असणार. करायचं एवढंच होतं, की मनगट खाली दाबायचं. विमान गवतात नाक खुपसून पडलं असतं, पांगरा मोडला असता. पांगरा काय, पुन्हा कोरता येतो. इंजिन वाचलं असतं.

मनगट खाली गेलेलं मी पाहिलं. विमान एकदम गवताजवळ आलं.

"अवो!" मामींनी हाक मारली. "खाली का आणलाव? आत्ता कुठं दिसायलंय मला!"

एवढ्या आवाजात त्यांना ते ऐकू गेलं की नाही, देव जाणे. पण मामांनी मान वळवून इकडे बघितलं आणि त्यांचं मनगट पुन्हा वर आलं. विमान वर चढलं. त्यानंतर त्यांनी ते खाली घेतलं नाही. ते विमानाकडे बघतही नव्हते. प्रत्येक फेऱ्यात त्यांची नजर लिंबाखाली यायची आणि आमच्यावरून पुढं सरकताना मागं रेंगाळायची. सूर चढत गेला, इतका की कानाला सोसवेना, आणि मग मध्येच तुटला. तेल संपताना इंजिन अडखळत, खोकत थांबतं. हे तसं थांबलं नाही. एकदम गप्प झालं. विमान आवाज न करता अर्धा फेरा तरंगलं आणि गवतावर हलकेच टेकलं.

मी विमान आणायला धावले. मामा मूठ तिथंच टाकून सरळ मामींकडे गेले. त्यांनी मामींचा हात आपल्या त्या भाजक्या हातात घेतला. सगळ्या गावासमोर असं करणारे मामा नव्हते.

"थांबलं का हो?" मामींनी विचारलं.

"तेल संपलं."

"मग पुडच्या शुक्रवारी जास्त भरून आणा. मला आता कुठं बघायचं ते समजलंय."

"आणतो की," मामा म्हणाले.

मी त्यांच्यापाशी पोचले त्याआधीच पंखा बोटानं फिरवून पाहिला होता मी. तो तसूभरही हलला नव्हता. टाकीत उरलेलं तेल मात्र माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं. मामींनी विमान चाचपायला हात पुढं केला, तेव्हा मी ते त्यांच्या हाती दिलं आणि माझा ओला हात पदराखाली घेतला.